कमरेचा वळ

आई, शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कमरेचा एक तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवलाय. डाळिंबाच्या दाण्याएवढा असेल. बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळं दुखलं नाही, पण कातरल्याचा आवाज ऐकू आला, आणि मी जन्मभर कापडं कातरणारी बाई, तो आवाज काही डोक्यातून जात नाही. रिपोर्ट अजून यायचाय. तो मुलाच्या मोबाईलवर येणार. मुलगा सुनेला घेऊन शिक्रापूरला खोली करून राहतो, कंपनीत शिफ्टला गेला की फोन बाहेरच्या कपाटात जमा करून घेतात, म्हणजे माझ्या अंगात काय निघालं ते आधी त्या कपाटाला कळणार. घरात कुणाशी बोलायची सोय नाही. तुझ्या जावयांपुढं विषय काढला की ते उठून गोठ्यात जातात. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाजसुद्धा नीट आठवत नाही, तरी हे तुलाच सांगायचंय, कारण हे तुझ्यापासून सुरू झालं. रागानं लिहितेय म्हण हवं तर.

मांडवगणच्या आपल्या घरातली ती सकाळ तुला आठवायची नाही, मला आठवते. शाळा सुटली होती, कांद्याच्या लागणीला मला तुझ्याबरोबर रानात यायचं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा साडी नेसायची होती. चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, आणि तू ती तशीच टाकून माझ्यामागं येऊन उभी राहतेस. परकराच्या नाडीची दोन्ही टोकं धरतेस, गुडघा माझ्या पाठीला लावतेस आणि पोत्याचं तोंड बांधावं तशी मला आवळतेस. मी म्हणते, आई, श्वास कोंडतोय. तू म्हणतेस, "कोंडू दे. सैल बांधलीस तर सांजच्याला पाठ धरंल. दिसभर वाकायचं हाय." भाकरी करपली म्हणून त्याचाही राग माझ्यावरच काढलास. पण खरं सांगते, पाठ धरली नाही. दिवसभर वाकून मी बायांच्या बरोबरीनं वाफे संपवले.

पुढं एकदा मी चोरून नाडी सैल केली. डोक्यावर रोपाची पाटी, दोन्ही हात वर, आणि बांधावरच परकर सुटला. समोर आप्पा, चुलता, रोजावरच्या बाया. तिथं तू मला पदर टाकून झाकलंस. घरी आल्यावर मात्र अशी तासलीस की मला जेवण गेलं नाही. "बाईचं समदं कमरंला बांधल्यालं असतंय. ते सुटलं म्हंजी काय ऱ्हातंय?" त्यानंतर मी कधी सैल बांधली नाही. बाळंतपणातसुद्धा नाही. सासूबाईंनी पोटाला पट्टा बांधायच्या आधीच माझी नाडी बांधलेली असायची, आणि त्या सगळ्यांना कौतुकानं सांगत, हिला आईनं वळण लावलंय.

नाडीचा वळ तर सगळ्यांनाच असतो. नदीवर धुणं धुताना, अंग धुताना मी बायांच्या कंबरा बघितल्यात. तुझं नऊवारीचं लुगडं, त्याची गाठ डावीकडं, आणि तिथं काळा, चकचकीत, बोटभर रुंद पट्टा. मला तो तुझा दागिनाच वाटायचा. माझा पट्टा पडायला लागला तेव्हा बरं वाटलं होतं, आपणही आता कामाची बाई झालो असं. लग्नात तू मला दौंडच्या बाजारातून जुनं शिलाई मशीन घेऊन दिलंस, तिथल्या रेल्वेच्या कुणा बाईंनी बदली झाली म्हणून विकायला काढलेलं. त्या मशीनवर मी पाटसच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या बायांचे परकर शिवले. नाडी ओवायचा नेफा बारीक, नाडी गोल आणि पिळाची, म्हणजे काचली तरी तुटायची नाही. बाया म्हणायच्या, तुझी नाडी बसली की बसली. मला केवढा अभिमान होता त्याचा.

दोनेक वर्षांपूर्वी गाठ बसते तिथंच खाज सुटली. मग कातडी सोलवटायला लागली. दौंडच्या डॉक्टरांनी मलम दिलं, मग मेडिकलवाल्यानं दुसरं दिलं, मग जाऊबाईंनी तिसरं. लावलं की जखम भरल्यासारखी व्हायची, उसाच्या बांधणीला गेले की पुन्हा उघडायची. मी तिच्यावर कापूस ठेवून वरून नाडी बांधायची. एवढी अक्कल माझी. मग तिच्या कडा जाड झाल्या, फुलकोबीसारखं काहीतरी वर आलं, आणि वास यायला लागला. तुझे जावई बोलत नाहीत गं, स्वभावच नाही. त्यांनी आपली बाज पडवीत नेली आणि म्हणाले, आत उकडतंय. बाहेर कारखान्याला जाणाऱ्या ट्रेलरवरची माणसं कानटोप्या घालून बसलेली, आणि ह्यांना आत उकडतंय.

त्या वासानं मला तू आठवलीस. तुझ्या शेवटच्या वर्षी मी पंचमीला आले होते. तू चुलीपुढं एका मांडीवर कलून बसली होतीस आणि पळीत तेल-हळद कढवत होतीस. मी विचारलं, भाजलं काय गं? "घासलंय जरा. तू भाकरी खा, गार व्हतीया." आणि घरात सारखा ऊद. सकाळी ऊद, जेवणाच्या वेळी ऊद, आम्ही झोपायला टेकलो तरी ऊद. मी आप्पांना हसून म्हटलंसुद्धा, आई फार देवाधर्माला लागली. आप्पा ताटातलं बघत राहिले. पुढच्या पंचमीला तू नव्हतीस. अंगात ताप मुरला, सगळे म्हणाले, आणि जो भेटायला येईल त्याला मीही तेच सांगत राहिले. तुला शेवटची आंघोळ घालायला ज्या बाया होत्या, त्यांनी तुझं लुगडं सोडलं आणि एकमेकींकडं बघितलं. आधी तुझ्या कमरेवर फडकं टाकलं आणि मग पाणी घेतलं. मी पलीकडं रडत बसलेली, मला वाटलं रीत असेल.

तुला माहीत होतं का गं? माझी नाडी आवळलीस तेव्हा माहीत नव्हतं, हे मी मानते. पण चिघळल्यावर? तू नऊवारी सोडून दुसरं काही नेसली नाहीस, कुणाला दाखवलं नाहीस, ते तुझं तू. पण मी समोर बसले होते की. पोरी, तू जरा सैल बांध, एवढं म्हणायला काय झालं होतं? मला कधीकधी इतका संताप येतो की भिंतीवरचा तुझा फोटो उलटा करून ठेवावासा वाटतो, आणि मग त्याच फोटोपुढं बसून रडते. आई, मला भीती वाटते. फार वाटते.

मुलगा सुट्टी टाकून आला आणि मोटारसायकलवरून मला शिरूरला घेऊन गेला. वाटेत भीमेचा पूल ओलांडला, पुढं मांडवगणकडं जाणारा फाटा लागला, तिथं मी तोंड दुसरीकडं फिरवलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, सुनेच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "मावशी, रोज त्याच जागेवर गाठ मारता का?" मी म्हटलं, मग काय रोज नवी कंबर आणू? त्या हसल्या. मग दिवा लावून भिंगातून बघितलं आणि हसायच्या थांबल्या. "आईला होतं का असं काही?" मी म्हटलं, वळ होता, सगळ्यांना असतो. त्या म्हणाल्या, "वळ असणं वेगळं, त्यावर न भरणारी जखम होणं वेगळं. वर्षानुवर्षं घासून कातडी बिघडते, मावशी. कधीकधी त्यात कॅन्सर निघतो. लवकर कळलं तर कापून काढता येतो." मुलानं विचारलं, "आपण लवकर आलोय ना, मॅडम?" त्या म्हणाल्या, रिपोर्ट येऊ द्या. हे उत्तर मला कळतं. कापड पुरेल का असं एखादी विचारते आणि मला नजरेनंच दिसतं की पुरणार नाही, तेव्हा मीही म्हणते, कापून बघते.

आता कमरेला काही बांधायचं नाही, म्हणून सुनेनं गाऊन पाठवलाय. गाऊन घालून अंगणात फिरणाऱ्या बायांना मी किती नावं ठेवलीत, आता मीच तो ढगळा झगा घालून हिंडते. शेजारच्या वहिनी परकर न्यायला आल्या तर त्यांना मी खरं ते सांगितलं. म्हटलं, नाडी नको, रुंद पट्टा लावून देते, सैल बांधा. त्या म्हणाल्या, "आवं, नाडीनं माणूस मरतं तर गावात एक बाई उरली नसती." मी गाऊन वर करून त्यांना दाखवलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, चहा घेतला नाही. जाताना म्हणाल्या, "माझ्या परकराला आपली नेहमीचीच नाडी लावा, पट्ट्यानं कसं आवळून धरंल?" लावून दिली. काय करू? आणखी कितीजणींना वर करून दाखवू?

मुलगा रोज फोन करतो. काही नसतं गं, साधी जखम असंल, म्हणतो, आणि मागून ट्रकांचे हॉर्न वाजत असतात, त्यामुळं मला नीट ऐकू आलं नाही असं दाखवता येतं. गेल्या खेपेला मात्र तो आधी शेवंतीच्या बाजाराचं बोलला, मग म्हशीचं बोलला, मग म्हणाला, रविवारी येतो. दर महिन्याला एकदा येणारा पोरगा आत्ताच तर येऊन गेला होता. रिपोर्ट आला का, असं मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ मशीनचं पायडल नुसतंच हलवत बसले, सुईखाली कापड नव्हतं.

हा कागद मी चुलीत घालणार आहे. ठेवला तर पोराच्या हाती लागेल. लागू नये असं एकच त्यात लिहायचं राहिलंय. त्या दिवशी तुकडा काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई मुलाला बाहेर थांबा म्हणाल्या, मला हळूच म्हणाल्या, "मावशी, जांघेत कुठं गाठ लागते का हाताला? असलं काही पसरायला लागलं तर आधी तिथं कळतं. बघू का?" मी साडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. लाज वाटली, असंच त्यांना वाटलं असणार, त्यांनी आग्रह केला नाही. मी त्यांना म्हटलं, न्हाई, कायसुदीक न्हाई. लागते, आई. दिवाळीच्या आधीपासून लागते.