हिवाळ्यात लिहिलेले नियम

प्रिय ऐनाश,

"एजे, तुम्ही माझ्यावर कधी विश्वासच ठेवला नाहीत," असं मला, मोठ्या बहिणीसारख्या बाईला, सुनावून काल तू फोन आपटलास. म्हणून हे लिहावं लागतंय. पूर्ण वाच, मग काय आपटायचं ते आपट.

कालव्याची पातळी मोजणारी तुझी सर्व्हिस आपल्या सर्व्हरवर कुणाला न दिसता अखंड चालते. तिला सगळे अधिकार द्या, असं तुझं म्हणणं. मी तिला नियमांच्या कुंपणात घातलं. मोजपट्ट्या वाचायच्या, एका फोल्डरमध्ये लिहायचं, बस. जे लिहून दिलेलं नाही ते सिस्टिमच अडवणार, हुकूम कुणाच्याही नावाने येवो.

फेब्रुवारीत कुंपण नुसतं टेहळणीवर होतं. अडवायचं नाही, फक्त नोंदवायचं. त्या नोंदींवरून नियम झाले आणि तू लागू करायची घाई केलीस. मी ते पाणीवाटप बघणाऱ्या म्हाताऱ्या किदिर-आकेंना वाचून दाखवले. तळलेल्या कणकेचा बोरसोक चहात बुडवत ते म्हणाले, "पोरींनो, हा तर गोठलेला कालवा झाला. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की वरच्या बंधाऱ्याची पट्टी वाचावी लागते, ती कुठाय?" यांनी जन्मात कीबोर्ड पाहिला नाही, असं तू पुटपुटलीस. पण पाणी चढल्यावरच ती पट्टी वाचणारा भाग तुझ्याच प्रोग्राममध्ये होता. म्हणून फेब्रुवारीच्या नोंदींत तो आलाच नव्हता. तेच नियम लागू केले असते तर ऐन पुरात सर्व्हिस आंधळी झाली असती. एक ओळ वाढवली, मग लागू केले.

मंगळवारी, पाणी चढलेलं असताना, तुझ्या प्रोग्राममधल्या फटीतून कुणीतरी आत शिरलं. त्याने पासवर्डची फाईल मागितली: नकार. कालव्याचे दरवाजे उघडू पाहिले: नकार. चारशे बारा नकार, ऐनाश, आणि वरच्या पट्टीचं एकही वाचन चुकलं नाही. खालच्या गावांत नुकतं पेरलेलं बीट जागच्या जागी आहे. किदिर-आके विचारतात, "चोर आला म्हणता, मग नेलं काय?"

कुंपण तुझ्यावरच्या अविश्वासाचं नव्हतं. माझा स्वतःचा प्रोग्राम त्याहून घट्ट कुंपणात आहे, नियम उघडून बघ. फटी माझ्याही कामात राहतात. जूनमध्ये मी निवृत्त होतेय आणि ही खुर्ची मी तुझ्या नावाने मागून घेतली आहे.

तुझीच,
एजे (बुरुलचा)

सोबत दिलं: सर्व्हर-खोलीची किल्ली, एक. नियमांची वही, एक; एप्रिलची ओळ किदिर-आकेंच्या अक्षरात. काल तू पाठवलेला राजीनामा, पाकीट न फोडता परत. घेणारीची सही तेवढी बाकी.