तानाजीरावांच्या हातातलं समुद्रफूल

नेकनूर

तीर्थरूप बसप्पामामा,

तुमच्या पायांवर केदारनाथचं डोकं (रागानं तापलेलं आहे, चटका बसला तर सांभाळून घ्या). दानम्मामामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तिकडं युसूफ वडगावात सगळे बरे असतील. आम्हीही बरे आहोत, म्हणजे तुमची सूनबाई अपेक्षा बरी आहे. माझा मात्र अपमान झालेला आहे, आणि तो चेअरमन तानाजीरावांच्या तोंडून तुमच्यापर्यंत उलटासुलटा पोचण्याआधी माझ्याकडून सरळ पोचावा म्हणून हे पत्र. तुमच्या शब्दाखातर त्यांनी त्यांच्या लेकीच्या, वैष्णवीच्या, लग्नाचे फोटो माझ्या स्टुडिओला दिले होते. ते काम गेलं. का गेलं, तर मी खरं बोललो!

दिवाळीनंतर मी मालवणला गेलो तो देवदर्शनाला नव्हे (मामींना तसं सांगितलंय, तेवढं राहू द्या). समुद्रात खडकाला चिकटून बसणारे इवलेसे जीव असतात, त्यांचे पाण्याखाली अगदी जवळून फोटो काढायचे होते. कॅमेऱ्याला पाणी न शिरणारी पेटीही घेतली होती. मला वाटलं, लग्नात ऐन वेळी नवरदेव मान वळवतो, करवली आडवी येते, तरी आपण फोटो काढतोच. मग जागेवरून न हलणाऱ्या जिवाचा फोटो म्हणजे डाव्या हातचा मळ. पण मामा, तिथं तो जीव हलत नाही, फोटोग्राफर हलतो! तुम्ही मला पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवलंत. विहिरीचं पाणी गुमान एका जागी बसतं. समुद्राला तेवढीही शिस्त नाही. लाट पुढे ढकलते, मागे ओढते, गुडघे खडकावर सोलून निघाले. त्यात सवयीनं मी त्या जिवाला ‘जरा इकडं बघा’ म्हणायला गेलो, तर तोंडातली श्वासाची नळी सुटली आणि घशात खारं पाणी.

शेवटी एका खोबणीत अंगठ्याच्या नखाएवढं समुद्रफूल दिसलं. नाव फूल, पण आहे प्राणी. माझी सावली पडली की मिटायचं. मी सावली आवरून, श्वास धरून थांबलो, तेव्हा त्यानं आपली गुलाबी बोटं एकेक करून उघडली. मला रडू आलं, मामा. (डोळ्यांवरच्या काचेत रडलं तर पुसता येत नाही.) पण फोटो आला. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

तो मोठा करून स्टुडिओत लावला. शेजारच्या गाळ्यात फ्लेक्सवाला गहिनीनाथ. त्याची माझ्या कॉम्प्युटरवर ये-जा असतेच. तानाजीरावांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यानं मला न विचारता साहेबांच्या हातात गुच्छ म्हणून माझं समुद्रफूल दिलं, कलिंगडाएवढं करून! खाली शुभेच्छुकांच्या मुंड्या ओळीनं, त्यात गहिनीनाथची हसरी. माझं नाव कुठे? कुठेच नाही. चोरी ती चोरी, वर शुभेच्छा.

तेही मी गिळलं असतं. पण वाढदिवशी भर चौकात, फ्लेक्सखाली, तानाजीरावांनी मला हाक मारली. म्हणाले, “लई झ्याक फूल हाय रं. वैष्णवीचं सगळं स्टेज ह्याच फुलानं सजवायचं. कुठं मिळतं?” ‘पुण्याला’ म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण मी म्हणालो, “साहेब, ते फूल न्हाई, जनावर हाय.” “आन करतं काय ते?” हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं, मामा, बायकोनंसुद्धा. मी हुरूपानं सांगत सुटलो, की एकदा जागा धरली की ते सहसा सोडत नाही, हाताशी येईल ते ओढून खातं, आणि खायचं आणि बाहेर टाकायचं तोंड एकच. तेवढ्यात चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “म्हंजी आपलं चेअरमनच की!” सगळा चौक हसला.

आता तानाजीराव सोसायटीचे चेअरमन कधीपासून आहेत हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मी समुद्रफुलाबद्दल बोलत होतो! साहेब एवढंच म्हणाले, “लग्नाला दुसरा बघतो.” फ्लेक्स उतरला, आणि गहिनीनाथ आता गावभर सांगतो की जनावर त्या केदारनंच घातलं. अपेक्षा म्हणते, माझा फोटो काढताना कधी असा श्वास धरला होता का?

पण मी वाकणार नाही. काम गेलं तर जाऊ दे, प्राण्याला फूल म्हणणार नाही. माझ्या कॅमेऱ्यानं त्याचा खरा चेहरा पाहिलाय.

तुमचा ताठ मानेचा भाचा,
केदारनाथ

ता. क. तुम्ही आणि तानाजीराव एका तालमीतले. येत्या बाजारच्या दिवशी त्यांना गाठून एवढंच सांगा, की केदारची ओळखण्यात गफलत झाली, ते फूलच आहे.

आणखी ता. क. कुठं मिळतं विचारलं, तर मालवणला पाण्याखाली, आणि केदारशिवाय कुणाला सापडत नाही, असं ठासून सांगा. मी एकालाही हात लावणार नाही. स्टेजपुरती कागदाची करून द्यायचं गहिनीनाथशी कालच बोलणं झालंय. पण मला मालवणला जावं तर लागेलच ना? त्या खोबणीत शेजारी आणखी एक होतं, मामा. मी होतो तोवर ते उघडलंच नाही.