नकाराची शिकवणी

रोहा, ४ मे २०२५

ती. सौ. सुगंधाताईस,

धाकट्या नमिताचा सा. न. वि. वि.

फोनवर मी रडायला लागले की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र. मनस्वी जर्मनच्या परीक्षेत वाचण्यात पास, लिहिण्यात पास आणि बोलण्यात नापास झाली. नर्सिंगचा कोर्स झाला, जर्मनीच्या हॉस्पिटलात जागा आहे, आता सगळं या बोलण्यापाशी अडलंय. क्लासच्या बाईंनी तिथल्या हेल्गा नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंशी तिची गाठ घालून दिली आहे. रोज फोनवर सराव करायचा. पण आपली दुपार ती त्यांची सकाळ, आणि दुपारीच मनस्वीचे बाबा धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले, गाढ झोपलेले. एका खोलीत ही बोलणार कशी? चादर डोक्यावर घेऊन बोलते. हेल्गाबाईंना वाटतं मुलगी आजारी आहे.

तर तिला तुझ्याकडे हमरापूरला पाठवते आहे. तुमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती काही झोपमोड झाली म्हणून ओरडत नाहीत. भावजींना नमस्कार सांग.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
नमिता

हमरापूर, २५ मे २०२५

चि. सौ. नमितास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी मुलगी नापास का झाली ते मला कळलं. जर्मन चांगलं बोलते गं, पण फक्त हो म्हणते! ती बाई बोलत असते आणि ही आपली या, या, या. त्यांच्या भाषेत हो म्हणजे या. पहिल्या दिवशी मला वाटलं दारात पाहुणे उभे आहेत. रंगकामाला बायजाबाई येते, तिनं तर विचारलं की गो, ही मुलगी हाय का पोपट.

परीक्षेत दोघांना समोरासमोर बसवतात आणि सहल ठरवायला सांगतात. एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं नको म्हणून दुसरं काही सुचवायचं. हिच्यासमोर वयानं मोठा माणूस बसला होता. तो जे जे म्हणाला त्याला हिनं मान हलवली. मोठ्यांना उलट बोलू नये हे आपणच शिकवलं, आता भोगा.

त्याहून मोठा घोळ पुढे आहे. हेल्गाबाईंनी विचारलं, माझ्या वरच्या खोलीत राहशील का, ही हो. कुत्रा चालेल का, हो. कुत्र्याला बघून ही पाण्याच्या टाकीवर चढते, विसरलीस? त्या बाईंनी हिच्यासाठी पलंगसुद्धा आणून ठेवलाय. माझं डोकं फिरलं.

मी आता शिकवणी लावली आहे. काल मुद्दाम म्हटलं, या गणपतीच्या पितांबराला काळा रंग लाव. ती मुकाट्यानं डबा उघडायला लागली! तुझे भावजी ब्रश टाकून धावले. रोज मी काहीतरी वेडगळ सांगते आणि ती नको म्हणेपर्यंत तिला जेवायला वाढत नाही. सध्या जेवायला फार उशीर होतो.

जगनरावांना आशीर्वाद. रागवायचं तर रागाव, पण आठवण ठेव.

तुझी,
ताई

रोहा, १५ जून २०२५

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

पोरीला जर्मन बोलायला पाठवलं होतं, भांडायला नाही. परवा मी फोनवर म्हटलं की परीक्षेला निळा ड्रेस घाल, तर चक्क नको म्हणाली, आणि वर तीन कारणं सांगितली. मी म्हटलं, गो, मी तुझी आई हाय. तर म्हणाली की म्हणूनच सराव करते आहे. हे तुझेच उद्योग.

ताई, चेष्टा पुरे. यांच्या कपड्यांना येणारा कंपनीचा वास मी लग्नापासून धुते आहे, तो जात नाही. माझ्या मुलीच्या कपड्यांना तो यायला नको, एवढंच मला हवंय. अख्ख्या आळीला सांगून बसले आहे. ती पुन्हा नापास झाली तर मी कुणाला तोंड दाखवू? तिला नको म्हणायला शिकव, पण तेवढ्यापुरतंच शिकव.

रुसलेली पण तुझीच,
नमिता

हमरापूर, २० जुलै २०२५

चि. सौ. नमितास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पास झाली! बोलण्यात सगळ्यात जास्त मार्क. समोरच्या बाप्यानं डोंगरावर जाऊ म्हटलं, हिनं त्याला खोडून काढत थेट समुद्रावर नेऊन सोडलं. पेढे वाट, मग बसून पुढचं वाच.

निकाल सांगायला हिनं हेल्गाबाईंना फोन लावला. त्या हिच्या खोलीच्या पडद्यांचा रंग विचारत होत्या, मग मध्येच वेगळंच काहीतरी म्हणाल्या. मनस्वीनं नंतर मला सांगितलं, त्यांनी विचारलं होतं, की तुला इकडे यायचं आहे ना मनापासून? मनस्वी नाही म्हणाली. मग पुष्कळ बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, पण आम्ही सगळे ब्रश धरून तसेच बसून राहिलो.

परदेशाचं तिच्या मनात कधीच नव्हतं. तू म्हणालीस आणि तिनं मान हलवली. तिला नर्सच व्हायचं आहे, पण इथं. हेल्गाबाई पलंग फुकट आणला म्हणून रागावल्या, खूप रागावल्या, आणि मग म्हणाल्या की उद्या फोन कर, आपलं बोलणं काही थांबत नाही.

मी तिला म्हटलं, आईला तूच लिही. तर म्हणाली, नाही मावशी, तूच लिही. आता मलाही नाही म्हणते, बघ.

तिला रागाव, पण टाकून बोलू नकोस.

तुझी,
ताई

रोहा, २७ जुलै २०२५

चि. मनस्वीस,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन वाचण्यासारखी नव्हती. मावशी म्हणते मी तुला विचारलं नाही. विचारलं होतं की! क्लास लावून झाल्यावर, आळीत सांगून झाल्यावर विचारलं होतं, आणि तू हो म्हणाली होतीस. तुझी चूक नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. एवढी नर्स झालीस, आईला एक शब्द सांगता आला नाही? सातासमुद्रापलीकडच्या बाईला सांगितलास. त्याचंच फार वाईट वाटलं. दोन दिवस मी जेवले नाही, बाबांनी वरणभात लावला.

बाबा काल पाळीवरून आले आणि म्हणाले, की रोह्यातल्या एका दवाखान्यात नर्स हवी आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत, उद्याच शब्द टाकतो. मी त्यांना म्हटलं, थांबा.

तर विचारते. रोह्यात नोकरी करशील? घरी राहशील, का हमरापूरला मावशीकडे राहून पेणला काही बघशील? तुझं तूच लिही, मावशीकडून नको. आणि ‘हो’ लिहायची घाई करू नकोस, मी वाट बघते.

तुझी,
आई