पिठाच्या डब्यातली बिननंबरी वस्तू

रविवार, ५ मार्च १९९५. नेपरव्हिल, इलिनॉय.
दुरुस्ती. परवाच्या नोंदीत 'पिस्तुलावरचा नंबर पुसट आहे' असं लिहिलं, ते चूक. पुसट नाही, कानशीने घासून काढलेला आहे. आज पप्पा ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढत होते तेव्हा खिडकीशी नेऊन नीट पाहिलं. मग होतं तसं परत ठेवलं, आईच्या पिठाच्या डब्यात. पीठ नाहीच आत. आई गेल्यापासून पोळ्या कोण करतंय?

चुकीचं वाक्य खोडलेलं नाही. पप्पांनी मला तिसरीपर्यंत नागपूरला घरीच शिकवलं आणि घरात खोडरबर ठेवलं नाही. चुकलं की वर एक रेघ, खाली बरोबर, बाजूला तारीख. असा माणूस कशावरचाही नंबर घासणार नाही. म्हणजे मिळालं तेव्हाच तसं होतं. कुणाकडून मिळालं, माहीत नाही. चोरांसाठी घेतलं असणार. (आमच्या रस्त्यावर चोरी झालेली नाही. पण सावध असावं.)

डब्याच्या झाकणावर आईचं नाव आहे: शोभा. आमच्या घरात वाटीलासुद्धा नाव आहे. भांड्यांवर नाव घालायचं मशीन आईने भारतातून आणलं होतं. पॉटलकला प्रत्येक घरातून एकेक पदार्थ यायचा, त्याच्या आधी सगळ्यांची पातेली आमच्याच बेसमेंटमध्ये यायची. पातेलं हरवलं तर सापडतं. ही वस्तू कुणाची, हे मात्र कुणाला कधीच कळणार नाही.

सोमवार, ६ मार्च
लंच-अवरमध्ये लायब्ररी. इलिनॉयचा कायदा: नंबर काढलेलं हत्यार जवळ असणं हाच गुन्हा. ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो काढला असं धरून चालतात. शिवाय पिस्तूल घ्यायला सरकारी परवान्याचं कार्ड लागतं, आणि दुकानात गेलं तर हातात पडायला तीन दिवस थांबावं लागतं. पप्पांकडे कार्ड नाही. ते थांबलेले नाहीत. आणि मे महिन्यात त्यांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे!
म्हणजे प्रश्न नंबरचा आहे. तो सुटला की सगळं सुटलं.
ठराव: याच आठवड्यात सोडवणे.

मंगळवार, ७ मार्च
बुद्धभूषणला टेक्सासला, अर्विंगला फोन केला. धाकटा भाऊ, पण मोठ्यासारखा बोलतो. म्हणाला, नदीत फेकून दे यार ताई, लायब्ररीत काय जातेस! मी म्हटलं, तो पुरावा नष्ट करणं होईल. तो म्हणाला, ओके लॉयर मॅडम, पण पप्पा कसे आहेत ते सांग ना. मी म्हटलं, छान. आणि खरंच छान आहेत. टॅक्स भरून झाला. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कसा बदलायचा ते मला दोनदा दाखवलं. इन्शुरन्सची फाइल माझं नाव लिहून टेबलावर काढून ठेवली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच इतके व्यवस्थित.

गुरुवार, ९ मार्च
कल्पना सुचली. नंबर नसणं गुन्हा, तर नंबर घालावा. मशीन आहेच. भारतातलं म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला, चमच्यावर सराव केला. तीनदा सातचा एक झाला. आईचं अक्षर किती गोल यायचं.
मशीनच्या घरघरीने पप्पा बेसमेंटच्या जिन्यात येऊन उभे राहिले. वाटलं, पकडले गेले. चमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, मला वाटलं शोभाच आहे. आणि वर गेले.

शुक्रवार, १० मार्च
आपल्या मनाचा नंबर घालणं हाही गुन्हाच. कल्पना कॅन्सल. चमचा ड्रॉवरमध्ये, मागे.

रविवार, १२ मार्च
प्रतिमामावशींचा फोन. आईची मैत्रीण. रविवारची बुद्धवंदना त्यांच्याकडेच होते. म्हणाल्या, अगं उपासना, पंडितभाऊजी (म्हणजे पप्पा) सकाळी येऊन माझी दोन पातेली देऊन गेले, आणि वर शोभाचं मोठं पातेलं पण. आता तुम्हीच वापरा म्हणे. वंदनेला थांबा म्हटलं, तर चहाला पण थांबले नाहीत. नाव घातलेलं भांडं असं देऊन टाकतं का कुणी? मी म्हटलं, मावशी, ते घर आवरताहेत. त्यांनी मग विचारलं, जेवतात का गं नीट? मी म्हटलं, हो.
(दुरुस्ती: रात्री जेवत नाहीत.)

मंगळवार, १४ मार्च
पक्की योजना. पब्लिक फोनवरून, नाव न सांगता पोलिसांना विचारायचं की असं हत्यार जमा कसं करतात. ते काय काय विचारतील त्याची यादी केली. अकरा प्रश्न, अकरा उत्तरं, एकही खोटं नाही. चौथं शील मोडायचं नाही. सहा उत्तरं पाठ झाली.

बुधवार, १५ मार्च, संध्याकाळी ७
रेल्वे स्टेशनवरच्या फोनवरून पोलिसांना फोन केला. पलीकडे बाई होती. मी म्हटलं, घरात पिस्तूल आहे, त्याला नंबर नाही. तिने नंबरचं काही विचारलंच नाही. अकरातला एकही प्रश्न नाही. तिने विचारलं, घरात कुणी फार दुःखात आहे का?
मी म्हटलं, नो मॅम. आणि फोन ठेवला.
तेवढ्यात शिकागोची ट्रेन आली. पप्पांची नेहमीची. सगळे उतरले, पप्पा नाहीत. मी शेवटचा डबा निघून जाईपर्यंत उभी होते. घरी आले तर ते किचनमध्ये, अंधारातच बसलेले. आज ऑफिसला गेलोच नाही, म्हणाले. कालही नाही.

गुरुवार, १६ मार्च, सकाळी ७:१०
दुरुस्ती. कालचं 'नो मॅम' चूक. त्यावर एक रेघ. बरोबर उत्तर: हो. माझे वडील.
दुसरी दुरुस्ती, ५ तारखेची. चोरांसाठी नाही.
तिसरी, ६ तारखेची. प्रश्न नंबरचा नाही.
शनिवारी सुट्टी आहे, शनिवारी मावशींना बरोबर घेऊन शांतपणे फोन करू, असं आत्ताच खाली लिहून झालं होतं. त्यावरही रेघ.
पप्पा किचनमध्ये भांडी लावताहेत. एकेक भांडं ठेवल्याचा आवाज येतोय. मधे थांबतो. बहुतेक नाव वाचतात. मग पुन्हा येतो. मी आता खाली जाऊन त्यांच्याजवळ बसणार आहे, आणि तिथूनच, त्यांच्यादेखत, त्या बाईला फोन करणार आहे, माझं नाव सांगून.
~~शनिवार, १८ मार्च.~~
गुरुवार, १६ मार्च. आज.