आत्याबाईची उजवी बाजू राहिली आहे

सगळ्यात आधी हजर झाली ती माझी धाकटी जाऊ, आणि तिला बोलावलंच नव्हतं. मृत्युपत्र लिहायला घेतल्याची बातमी तिला कुणी पोचवली, देव जाणे. चपला काढता काढताच म्हणाली, "जाऊबाई, साक्षीदार हवा असेल तर मी आहे." मग वकीलबाई आल्या, मागून गुरांचे डॉक्टर आणि शेजारचा शिंपी. माझा मुलगा आणि माझी मुलगी शेवटी आली, एक पुढच्या दाराने, एक मागच्या.

वकीलबाई म्हणतात, अशी सुरुवात करायची नसते, आधी आपण कोण ते लिहायचं. बरं. तर मी, लोकांच्या लाडक्या मेंढ्यांची लोकर हलक्या हाताने कातरून देणारी बाई, जिला सगळे कातरवाली आजी म्हणतात, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं जागेवर आहे, गुडघे नाहीत. कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणायला माझे यजमान आयुष्यभर धडपडले, त्यांनाही जमलं नाही. शाळेत मी जेमतेम गेले, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ कुणी तपासत बसू नये. माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

कलम एक. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना समान हिश्श्याने. मधे भिंत घालायची नाही. स्वयंपाकघराची खिडकी यजमानांनी स्वतः बसवली होती, उलटी. बाहेरच्या बाजूने कडी आहे. शेवटपर्यंत त्यांनी ते मान्य केलं नाही. ती कुणी सुलटी करू नये, मला तिच्याकडे बघून अजून हसू येतं.

कलम दोन. पासबुकात जे असेल ते दोन्ही नातींना सारखं. दोघी इतक्या गुणी आहेत की त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर वकीलबाईंना मुक्काम करावा लागेल. एकीचं नाक माझ्यावर गेलंय आणि दुसरीची जीभ.

कलम तीन. लोकर धुवायचं तांब्याचं मोठं पातेलं माझ्या धाकट्या जावेला. ती नवी नवरी असताना तिने ते एका दिवसापुरतं नेलं होतं, अजून तिच्याकडेच आहे. हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "कुठलं पातेलं?" तेव्हा वकीलबाईंनी समजावलं, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. जावेने हातातलं पेन अलगद शिंप्यापुढे सरकवलं. पातेल्याचा विषय माझ्याकडून इथे मिटला.

कलम चार. हे नीट वाचावं, बाकी सगळं याच्यासाठीच लिहिलंय.

माझी कातर एकाच पोलादी पट्टीची आहे, वाकवून केलेली. तिची पाती सुटी होत नाहीत, त्यामुळे वाटणी होत नाही. ती मुलीला द्यावी. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, डोक्यात जायला नको म्हणून. जी जाड चटई अंथरून आम्ही म्हाताऱ्या मेंढ्यांना कातरतो, ती मुलाला द्यावी.

चटईचं नाव निघताच मुलगा म्हणाला, "तिला कातर आणि मला चटई?"

त्याचं कारण असं. मोठ्या कळपांत मेंढीला बुडावर बसवून, गुडघ्यांत धरून, मशीनने झटपट कातरतात. माझा मुलगा तेच करतो आणि त्यात तो पटाईत आहे. पण माझी गिऱ्हाइकं म्हणजे अंगणात दोन-तीन मेंढ्या हौसेने पाळणारी माणसं. घड्याळवाल्याच्या बायकोची मेंढी तर स्वयंपाकघरात झोपते. या मेंढ्यांना कुणी विकत नाही, कापत नाही, म्हणून त्या खूप म्हाताऱ्या होतात. त्यांना बसवलं तर सांधे दुखतात, श्वास कोंडतो. त्यांना चटईवर उभंच ठेवावं लागतं, एकाने डोकं मांडीवर धरायचं आणि दुसऱ्याने कातडी ताणून हळूहळू कातरायचं. दमली की थांबायचं, उरलेली बाजू दोन दिवसांनी. एकट्याने हे होत नाही. डोकं मी धरायचे, आता मला खाली बसवत नाही.

आणि ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. एका अंगणात मुलाचं मशीन मेंढीच्या कासेला लागलं, तेव्हा मुलगी मालकिणीसमोर म्हणाली, "याला लोकर दिसते, खालची मेंढी दिसत नाही." तेव्हापासून तो घरामागच्या माझ्या शेडमध्ये आला नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती, त्यामुळे मिटायला काही वावच राहिला नाही.

आज मी भांडण सोडवलं नाही. एवढंच म्हटलं, की आत्याबाईची लोकर या मोसमात अजून निघालेली नाही आणि ऊन वाढतंय. आत्याबाई ही आमची सगळ्यात जुनी मेंढी. घरात कोण आलं, कोण गेलं, याची चौकशी केल्याशिवाय तिला चैन पडत नाही, म्हणून हे नाव. आम्ही सगळे शेडमध्येच बसलो होतो, ती आधीच डॉक्टरांच्या खिशात तोंड घालून उभी होती. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि म्हणाले, एका वेळी एकच बाजू करा.

मुलाने चटई अंथरली. पसरताना दोनदा झटकली, राग काढायला असेल. मग बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मुलीने डावी बाजू सुरू केली.

खांद्यापाशी आल्यावर मुलगा म्हणाला, "इथे सुरकुती आहे. सांभाळ."

"दिसतेय," ती म्हणाली. दोन-तीनदा कातर चालवली आणि म्हणाली, "मान जरा वर घे, दादा."

त्याने घेतली. यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

डाव्या बाजूला एकही ओरखडा नाही, डॉक्टरांनी पाहिलं. आत्याबाई कळपात गेली तर डावीकडून तिला कुणी ओळखेना, बाकीच्या मेंढ्या ढुशी मारायला निघाल्या. तिने उजवी बाजू फिरवली, तेव्हा पुन्हा जागा दिली.

कलम चारची अट: कातर आणि चटई एकत्रच वापरावी. दोघांनी मिळून आत्याबाईची उजवी बाजू पुरी केली, तर शेड, मेंढ्या आणि सगळी गिऱ्हाइकं दोघांची. नाही केली, तर शेड विकावी आणि मेंढ्या डॉक्टरांनी चांगल्या घरी द्याव्यात. स्वतः ठेवू नयेत, ते साक्षीदार आहेत.

मुलाचं मशीन त्याचं त्याला लखलाभ. त्याबद्दल म्हणायचं पुष्कळ आहे, पण कागद संपत आला.

हे मी वाचलं, मला वाचून दाखवलं, आणि मला पटलं.

सही: कातरवाली आजी. (अंगठा नाही, सही आहे.)

साक्षीदार पहिले: गुरांचे डॉक्टर, सही.
साक्षीदार दुसरे: शेजारचा शिंपी, सही. कपड्यावर मापं लिहायची सवय असल्यामुळे बारीक आहे.

ठिकाण: घरामागची शेड, चटईशेजारी.
वार: मंगळवार. डावी बाजू झाली. उजवीसाठी दोघं गुरुवारी सकाळी येतो म्हणालीत, दोघंही पुढच्या दाराने.