बाबांची बिस्किटं

दादा,

बाबांना माझ्या घरी नेतेय. "कारखान्यातलं विष" म्हणून तू त्यांची बिस्किटं फेकलीस आणि ताटात कच्ची गाजरं वाढलीस. कवळी सैल झालेल्या माणसाने ती चावायची कशी, हे तुझ्या व्हिडिओतल्या आहारतज्ज्ञाने सांगितलं नसेल. तू चिडशील म्हणून ते "पोट भरलंय" म्हणत राहिले आणि सदरा अंगावर लोंबायला लागला. आज मी चहासोबत दिलेलं बिस्कीट त्यांनी दाराकडे बघत खाल्लं.

लोणी आणि अंड्यातलं पिवळं तू असंच हद्दपार केलं होतंस. नवा सल्ला आला तशी दोन्ही मानाने परत आली. बाबा येणार नाहीत.

गाजरं फ्रिजमध्ये आहेत. चावून खा, दात अजून तुझेच आहेत.

— छोटी