उंदराचा डोस

अहो संशोधक,

यकृतावरची चरबी उतरवणारा तुमचा हिरव्या चहाच्या अर्काचा डबा मी दवाखान्यात नेतेय. शोधत बसू नका. डब्याखाली तुमचा हिशेबाचा कागद सापडला. लेखातला प्रयोगाचा उंदीर एवढ्याशा अर्काने सुधारला, म्हणून त्याच्या कितीपट तुमचं वजन, तेवढ्या पटीने चमचे! धन्य आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं की गुडघे दुखतात, चमचा उचलताना मात्र काही दुखत नाही. "झाडपाल्याचंच तर आहे, त्याने काय होतंय?" म्हणे. धोतराही झाडपालाच असतो.

पहाटे झोपेत तुमची पापणी उचलून पाहिली. डोळा पिवळा आहे. बाळाच्या काविळीत दहा दिवस हाच रंग बघत बसले होते, मला ओळखायला लेख वाचावे लागत नाहीत.

उठवलं असतं तर तुमचं भाषण ऐकण्यात पहिला नंबर गेला असता, म्हणून बाळाला घेऊन पुढे जातेय. काही खाऊ नका, गाडी चालवू नका. शेजारचे काका नऊला तुम्हाला घेऊन येतील. त्यांच्याकडे किल्ली दिलीय, कारण दार वाजलं आणि तुम्ही उठलाच नाहीत तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाहीये.